तीन कॉन्ट्रॅक्टर झाले, चौथा तरी टिकवायचाय

प्रश्न : एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. नोकरी सांभाळून त्यांनी चार वर्षांत चार जुने फ्लॅट घेतले. घ्यायचा, दुरुस्त करायचा, मग भाड्याने द्यायचा नाहीतर विकायचा, असा त्यांचा जोडधंदा. पहिल्या फ्लॅटच्या कॉन्ट्रॅक्टरने काम अर्ध्यावर आल्यावर रेट वाढवून मागितला. दुसऱ्याचं काम चांगलं होतं पण दोन महिने उशीर झाला, म्हणून त्याचा शेवटचा हप्ता यांनी अजून दिलेला नाही, आणि हल्ली तो फोन उचलत नाही. तिसरा म्हणजे तीन कोटेशनमधला सगळ्यात स्वस्त, निम्मे पैसे ॲडव्हान्स घेतले, बाथरूमच्या अर्ध्या टाइल लावल्या आणि गायब. राहिलेलं काम यांनी त्या दुसऱ्या फ्लॅटच्या कॉन्ट्रॅक्टरकडच्या टाइल मिस्त्रीला परस्पर बोलावून करून घेतलं, "मधलं कमिशनही वाचलं." आता चौथ्या फ्लॅटचं काम सुरू होऊन आठवडा झालाय आणि नवीन कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जुना गिलावा काढला तर आत भिंत ओली निघाली, जादा पैसे आणि सहा दिवस लागतील. हे जादा पैसे द्यायचे का? या लोकांशी कडक वागायचं की गोडीत घ्यायचं? आणि "पुढे आणखी पाच-सहा फ्लॅट घेणार आहे" असं सांगून आत्ताच रेट पाडून घ्यावा का? ता. क. बायको म्हणते, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरशी उलटतपासणी घेतल्यासारखं बोलता.

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची दया आली, दुसऱ्यांदा तुमच्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची.

रागावू नका, पण तुम्हीच लिहिलंय की त्याचं काम चांगलं होतं. चार जणांत हे कौतुक फक्त त्याच्याच वाट्याला आलंय. आणि नेमके त्याचेच पैसे अडकलेत, त्याचाच मिस्त्री तुम्ही परस्पर बोलावलात, आणि वर "फोन उचलत नाही, ही लोकं अशीच" असंही लिहिलंत. मला तर त्याचा फोन न उचलणं अगदी समजतं. त्याच्या जागी स्वतःला आणि तुमच्या जागी एखादा भाडेकरू ठेवून बघा, दोन महिन्यांचं भाडं थकलंय आणि वर तो तुमच्या दुसऱ्या फ्लॅटचं गिऱ्हाईक पळवतोय, तुम्ही उचलाल त्याचा फोन?

परस्पर मिस्त्री बोलावण्याबद्दल आधी बोलते कारण हे खूप जण करतात आणि त्यात आपण काय गमावलं ते कळतसुद्धा नाही. तुम्ही ज्याला मधलं कमिशन म्हणता त्यात त्या माणसाने मिस्त्री शोधलेला असतो, काम नसतं त्या दिवसांत उचल देऊन सांभाळलेला असतो, कटर आणि मशीन त्याचं असतं, एखादी टाइल सहा महिन्यांनी पोकळ वाजायला लागली तर येऊन काढून परत लावायची जबाबदारी त्याची असते. मिस्त्री एकटा आला की ते सगळं तुमच्या गळ्यात. बरं मिस्त्रीही काही कायमचा तुमचा होत नाही, त्याला रोज काम लागतं आणि तुमच्याकडे ते वर्षातून महिनाभर. आणि हो, या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, प्लंबर रंगाऱ्याला सांगतो, रंगारी हार्डवेअरवाल्याला. "तो माणसं फोडतो आणि शेवटचे पैसे बुडवतो" हे तुमच्याआधी तुमच्या पाचव्या फ्लॅटवर पोचलेलं असेल.

तुमच्या पूर्ण पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय, की कॉन्ट्रॅक्टर निवडायचा तो तुम्ही. अर्धं खरं आहे. चांगल्या कॉन्ट्रॅक्टरकडे कामं रांगेत असतात, तोही गिऱ्हाईक निवडतच असतो, फक्त तोंडावर बोलत नाही. त्याला नको असलेल्या माणसाला तो कोटेशन फुगवून देतो, नाहीतर "बघतो, कळवतो" म्हणतो आणि कळवत नाही. मग तुमच्याकडे येतो कोण, तर ज्याला दुसरीकडे काम नाही तो.

हे मला कुणी शिकवलं नाही, स्वतःच्याच अंगाशी आलं म्हणून कळलं. भाड्याने द्यायच्या एका जुन्या घराचं बाथरूम करत होते. दुपारी गेले तर दोन माणसं पालथ्या बादल्यांवर बसून मोबाइल बघत होती, भिंतीला झिरी पाडून पाइप टाकलेला आणि एक चौकोनी खड्डा नुसता उघडा. मी तिथेच आवाज चढवला, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून त्याच्याच माणसांसमोर सुनावलं. तो सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "मॅडम, डायव्हर्टर कुठला घेताय ते मी मागच्या सोमवारपासून विचारतोय." खरंच विचारत होता. पाणी शॉवरकडे की नळाकडे ते फिरवणारं डायव्हर्टर म्हणजे भिंतीत गाडायचा भाग, टाइल लागायच्या आधी तो आत बसवावा लागतो, किती खोल बसवायचा ते कंपनीप्रमाणे बदलतं, आणि एका कंपनीच्या आतल्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची बाहेरची प्लेट सहसा बसत नाही. म्हणजे माझं ठरत नाही तोवर प्लंबर बंद, प्लंबर बंद म्हणून टाइलवाला बंद, आणि त्या दोघांची त्या दिवसाची मजुरी मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या खिशातून चालू. आणि मी त्यालाच ओरडत होते! (माफी मागितली, पण ती फोनवर. ओरडले होते चारचौघात. आजही खटकतं.)

म्हणून विचारते, दुसऱ्या फ्लॅटला दोन महिने उशीर झाला त्यात तुमचे दिवस किती? टाइल कुठल्या दिवशी ठरवल्यात, साइटवर कधी पोचल्या, स्विचबोर्डची जागा किती वेळा बदललीत, बायकोने एक सांगितलं आणि तुम्ही दुसरं असं किती वेळा झालं? कदाचित सगळा दोष त्याचाच असेल, मला माहीत नाही, पण जुने मेसेज काढून तारखा एकदा मांडून बघा. ज्याच्याकडे रोजावर माणसं आहेत त्याचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे रिकामा गेलेला दिवस. काम सुरू व्हायच्या आधी टाइल, नळ, बेसिन, दारं, रंगाचे नंबर हे सगळं ठरवून एका कागदावर देणारं गिऱ्हाईक त्याला दोन पैसे कमी मिळाले तरी परवडतं. आणि सूचना एकानेच द्यायच्या. घरात भांडा, साइटवर एकच आवाज.

आता ती ओली भिंत, कारण ती थांबणार नाही.

जुन्या घरात गिलाव्याच्या आत काय आहे ते फोडल्याशिवाय कुणालाच दिसत नाही, त्यालाही नाही, तुम्हालाही नाही. त्यामुळे "ही तर सुरुवात आहे, आता हा लुबाडणार" हा तुमचा संशय जरा बाजूला ठेवा आणि आधी जाऊन भिंत बघा. फोटोवर भागवू नका, स्वतः जा. भिंतीच्या मागे बाथरूम आहे का, वरच्या मजल्याचा पाइप तिथून जातो का, भिंत बाहेरची आहे आणि तडा गेलाय का, पांढरा लोणा, म्हणजे क्षार, आलाय का, हे त्याला दाखवायला सांगा. ओल कुठून येतेय हे सापडल्याशिवाय त्यावर पुट्टी आणि रंग मारला तर काही महिन्यांत फुगे येणार, पापुद्रे पडणार, आणि तोवर आत भाडेकरू आलेला असेल. खरं सांगू का, ज्याने गुपचूप गिलावा थापून पुढे न जाता तुम्हाला फोन केला त्याच्याबद्दल माझं मत वर गेलंय. झाकणं त्याला सोपं होतं.

म्हणजे मागेल तेवढे देऊन टाका असं नाही. त्याला म्हणा, तीन गोष्टी मेसेजवर लिहून पाठव, नक्की काय करणार, किती लागतील, किती दिवस वाढतील. आकडा एकदम न मागता फोडून मागा, मटेरियल किती, माणसं किती दिवस. मूळ कारण आत्ता सांगताच येत नसेल तर भिंत उघडण्यापुरतंच आधी ठरवा आणि पुढचं दिसेल तसं, मटेरियलचं बिल अधिक मजुरीचे दिवस अधिक त्याचा आधी ठरलेला टक्का. तुमचं "ओके" गेल्याशिवाय जादा काम सुरू करायचं नाही, आणि तुम्हीही ते ओके तीन दिवस लटकवायचं नाही. सहा दिवसांतले किती दिवस नुसते वाळण्यात जाणार तेही विचारा, कारण ओल्या गिलाव्यावर घाई करून रंग मारून घेणारे मालकही मी पाहिलेत आणि नंतर कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने बोंब मारणारे तेच असतात. पुढच्या वेळी जुना फ्लॅट घेताना हिशोबात दहा ते वीस टक्के न दिसलेल्या कामासाठी वेगळे धरून ठेवा म्हणजे असा फोन आला की छातीत धस्स होणार नाही.

कडक की गोड? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तुम्ही माणसाशी कडक आहात आणि कामाशी ढिले. निम्मे पैसे ॲडव्हान्स देऊन टाकलेत, तेही सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला, आणि मग रोज फोन करून उलटतपासणी. ते उलटं करून बघा ना. बोलणं साधं, अहो-जाहो, चूक काढायची तर बाजूला घेऊन, त्याच्या माणसांसमोर नाही. पण काम बघताना अजिबात भीड नको. बाथरूमला वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी निदान चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं, पातळीची खूण करायची आणि खालच्या घराचं छत बघून यायचं. भिंतीतले पाइप बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून कुठे गळतंय का बघणं, आणि मोजायचा टेप लावून फोटो, म्हणजे पुढे कुणी आरशासाठी ड्रिल मारताना पाइप फोडणार नाही. फरशीवर बादलीभर पाणी ओतून बघायचं, जाळीकडे जातंय की कोपऱ्यात साचतंय. टाइल नाण्याने वाजवून बघायची, पोकळ आवाज आला की खडूची खूण. यातलं काहीच अविश्वास म्हणून करायचं नसतं, सुरुवातीलाच सांगून टाकायचं की या चार टप्प्यांवर मी स्वतः येणार आणि तिथेच पैसे देणार. चांगला कॉन्ट्रॅक्टर यावर खूश असतो कारण एकदा तुम्ही बघून पास केलं की नंतरची कटकट संपते. जो म्हणतो "पाणी भरायची काय गरज आहे साहेब, माझ्यावर सोडा", त्याच्यावर सोडू नका.

आणि उलटही असतं. तुम्ही हॉल मोठा करायला एखादी भिंत पाडायला सांगितलीत आणि तो म्हणाला, "ही आधाराची वाटते, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावणार नाही", तर तो माणूस सोडू नका. नाही म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर महागात पडत नाही.

पैशांचं गणित तुमच्या बाबतीत दोन्ही टोकांना बिघडलंय, तिसऱ्याला आधीच निम्मे आणि दुसऱ्याला शेवटचे दिलेच नाहीत. झालेलं काम आणि दिलेले पैसे यांच्यात काम नेहमी थोडं पुढे असावं, पण इतकंही नाही की त्याने त्याच्या पैशाने तुमचं घर बांधावं. सुरुवातीला माणसं आणण्यापुरती लहान रक्कम, मटेरियलचे पैसे वेगळे, शक्यतो थेट दुकानदाराला आणि बिल तुमच्या नावावर, पुढे तोडफोड झाली, पाइप-वायरिंग झालं, टाइल झाल्या, रंग झाला अशा टप्प्यांवर हप्ते. शेवटचे पाच-दहा टक्के किरकोळ राहिलेली कामं होईपर्यंत ठेवायचे, आणि ती यादी एकदाच करायची. एकदाच हं. सगळ्या खोल्या फिरून, दिवे लावून, दारं उघडून-मिटून, सगळं एका दमात लिहून द्यायचं, तेवढं झालं की त्याच दिवशी पैसे. यादी पुरी झाली की "आता हे पण बघ" सुरू करणाऱ्या मालकाचं शेवटचं काम कुणीच मन लावून करत नाही, कारण ते पैसे सुटणार नाहीत हे त्याने मनात धरलेलं असतं. आणि उशिराची शिक्षा म्हणून पैसे कापायचे असतील तर ते आधी ठरलेलं आणि लिहिलेलं पाहिजे, नंतर मनाने ठरवलेलं नाही.

स्वस्त कोटेशनचं एवढंच सांगते. तुमची तीन कोटेशनं तीन वेगळ्या कामांची होती असं मला वाटतं. पुढच्या वेळी यादी तुम्ही करा आणि तीच तिघांना द्या, टाइल किती स्क्वेअर फूट, किती इलेक्ट्रिक पॉइंट, वॉटरप्रूफिंग कुठे-कुठे, रंगाचे हात किती, आणि डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, कोण उचलणार. स्वस्त आकड्यात बहुतेक वेळा डेब्रिज नसतं, वॉटरप्रूफिंग नसतं, फिटिंग बसवायची मजुरी नसते, आणि मग ते "एक्स्ट्रा" म्हणून एकेक करून येतं. तुमच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने रेट वाढवला तो लबाडीने की ठरलेलंच अर्धवट होतं म्हणून, ते आता शोधून उपयोग नाही, पण कागद काढून बघा, माझा अंदाज, ठरलेलंच अर्धवट होतं.

नवीन माणूस आजमावायचा तर पूर्ण फ्लॅट अंगावर देऊ नका, एक बाथरूम द्या नाहीतर एका खोलीचा रंग. आणि त्याने केलेलं ताजं चकाचक काम बघण्यापेक्षा दीड-दोन वर्षं जुन्या कामाच्या मालकाशी बोला, त्याला एकच विचारा, नंतर काही बिघडलं तेव्हा हा आला का? जमलं तर त्याची चालू साइट बघून या. सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून उचलून ठेवल्यात का, नवीन फरशीवर काही अंथरलंय का, यातच बरंच कळतं.

"पुढे पाच-सहा फ्लॅट आहेत" हे वाक्य मात्र कृपा करून टाकू नका. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरने ते इतक्या जणांकडून ऐकलंय की ते ऐकलं की तो उलट सावध होतो, आता हा रेट पाडणार. न घेतलेल्या फ्लॅटवर त्याने आज सूट का द्यावी? ठोस काही असेल तर ते द्या, म्हणजे "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला दुसऱ्या फ्लॅटची चावी मिळतेय, दोन बाथरूम आणि पूर्ण रंग, तुमची माणसं मोकळी असतील का?" याला किंमत आहे, कारण त्याला आपल्या माणसांचं पुढचं काम दिसतं. रेटही मग आपोआप बोलता येतो, आणि तोही मजुरी दाबून नाही. सगळ्या फ्लॅटला एकच टाइल, एकच नळ, एकच रंग ठेवलात तर त्याचंही काम पटापट होतं आणि दुकानातही घासाघीस करता येते. शिवाय गुंतवणूक म्हणून करताय तर हेही मांडा की रेटमध्ये पाच टक्के वाचवले आणि फ्लॅट दोन महिने रिकामा पडला तर दोन महिन्यांचं भाडं गेलं आणि कर्जाचा हप्ता चालूच. तुमच्या तिसऱ्या फ्लॅटचं तसंच झालं असणार.

भाडेकरूंच्या बारीकसारीक तक्रारी, नळ गळतो, कडी बसत नाही, यासाठी मोठ्या कॉन्ट्रॅक्टरला फुकट पळवू नका, "एवढंच तर आहे" म्हणत. त्याच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. चार कामं साठवून एकत्र सांगा नाहीतर येण्याचे वेगळे पैसे ठरवा. नातं बहुतेक अशाच फुकटच्या कामात नासतं. आणि चौथा कितीही चांगला निघाला तरी हाताशी दुसरा एक असू द्या, आजारपण, गावाकडची अडचण त्यालाही असते. फक्त एकाला दुसऱ्याचा रेट दाखवून झुंजवत बसू नका.

राहिला तो तुमचा दुसऱ्या फ्लॅटचा कॉन्ट्रॅक्टर. मी तुमच्या जागी असते तर चौथ्याला भिंतीचं ओके देऊन झालं की याला फोन केला असता, उचलणार नाही म्हणून आधी मेसेज. उशीर, टाइल मिस्त्री, काही सारवासारव नको, फक्त "तुमचे शेवटचे पैसे माझ्याकडे राहिलेत, हिशोब पाठवतोय, बघून सांगा, आज ट्रान्सफर करतो." दोन महिन्यांच्या उशिराचं काही कापायचं आधी लिहून ठरलं असेल तर तेवढं हिशोबात दाखवा, नसेल ठरलं तर पूर्ण द्या. मिस्त्रीचं त्याने काढलं तर "चुकलं माझं" म्हणा, आणि तिथेच थांबा, पुढच्या कामाचा विषय त्याच फोनवर काढू नका. तो परत येईल की नाही सांगता येत नाही. हिशोबाचा कागद मात्र मेसेज करायच्या आधीच काढून ठेवा, कारण त्याच्याकडे त्याची वही असणार आणि त्यात तुमच्या लक्षात नसलेलं एखादं एक्स्ट्रा काम नक्की निघणार.